चौथ्या गिअरची झीज

ड्रेन प्लगच्या टोकाच्या चुंबकावर राखाडी लगदा जमला होता. दोन बोटांत चोळला तर काजळासारखा पसरेल इतका बारीक. एवढं पोलाद कुठल्याही गिअरबॉक्समधून झिजतंच, त्याची काळजी करायची नसते. पण खालच्या ट्रेमध्ये उतरणाऱ्या तेलाच्या काळपट धारेत सोनेरी चमक होती. तिने प्लग तेलात बुडवून हळूहळू फिरवला आणि बाहेर काढून उजेडात धरला. सोनेरी कणांपैकी एकही चुंबकाला चिकटला नव्हता. म्हणजे पितळ.

"काय निघालं?" बाकावरून बाबांनी विचारलं.

"तेल," ती म्हणाली.

रॅम्पच्या पलीकडे बोल्ट सोडवत बसलेला फिटर खुदकन हसला. "उस्ताद, गिऱ्हाइकाने मधे मधे विचारायचं नसतं. तुमचाच नियम आहे."

"मग विचारलंच कुठे? सहज बोललो," बाबा म्हणाले आणि त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले.

गॅरेजची साप्ताहिक सुट्टी होती. शटर अर्धं खाली ओढलेलं, बाहेर रस्त्यावर शांतता. हे गॅरेज बाबांनी काढलं, आणि आता ती चालवत होती. काम एकच, गिअरबॉक्स. बाकीच्या दुखण्यांसाठी लोक दुसरीकडे जात. आज रॅम्पवर चढलेली गाडी बाबांची स्वतःची होती, म्हणून सकाळी आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं होतं, "आज मी गिऱ्हाईक," आणि गिऱ्हाइकांच्या लाकडी बाकावर जाऊन बसले होते. त्यांच्या डोक्यावर भिंतीला पाट्या होत्या. तरुणपणी त्यांनीच ब्रशने रंगवलेल्या. 'काढलेल्या पार्टला हात लावू नये.' 'क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नये.' आणि सगळ्यात मोठी, लाल अक्षरांत: 'गिअरचा दांडा ही हात टेकायची खुंटी नाही.' या तिसऱ्या पाटीवरून बाबांनी उभ्या आयुष्यात कितीतरी माणसांना फैलावर घेतलं होतं.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला आई बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर डावा हात आणि त्या हाताखाली दडवलेला उजवा. तरी तो थरथरताना दिसायचाच. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत राहायची, जणू न दिसणारा दोरा वळणं चाललं आहे. हात कामात असला की थरथर कमी व्हायची. रिकामा ठेवला की वाढायची. गोळ्यांनी थोडा फरक पडला होता. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता, त्यासाठी गावाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागे, आणि तिथे आईला बाबाच नेत असत. दुसऱ्या कोणालाही नेऊ देत नसत.

खरं दुखणं तिथेच होतं. बाबांचा डावा गुडघा कामातून गेला होता. गाडीत बसताना ते पँटची घडी चिमटीत धरून पाय उचलून आत घेत. कोणी पाहत नाही असं वाटलं तरच. तिने मात्र पाहिलं होतं. त्यानंतर वर्षभर ती एकच विषय काढत होती. बाबा, तुम्ही आता चालवू नका. आईला मी नेते. मला जमलं नाही तर फिटरकाका नेतील. बाबांचं उत्तर ठरलेलं असे. "बघू." एकदा तिने क्लच नसलेल्या ऑटोमॅटिक गाडीची माहिती आणून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चित्रं पाहिली, पानं उलटली आणि नाक मुरडलं. "यात हाताला काम काय?" तिला वाटलं, गिअरबॉक्सवर जन्म काढलेल्या माणसाचा हट्ट आहे. सोडायला वेळ लागणार.

मग या आठवड्यात चौथा गिअर चालता चालता सुटायला लागला. बाबांनीच सांगितलं, आणि गाडी वर चढवायच्या आधी त्यांनीच अटही घातली.

"गिअरची पेटी उघड," ते म्हणाले होते. "सिंक्रो रिंगा झिजलेल्या निघाल्या, तर माझा पाय क्लच पुरता दाबत नाही, असं समजायचं. चावी तुझी."

"आणि नाही निघाल्या तर?"

"तर या विषयावर परत तोंड उघडायचं नाही."

"बाबा, ही काय पैज आहे का?"

"पैज नाही. तपासणी आहे. तुलाच आवडते ना तपासणी?"

सिंक्रो रिंगा पितळेच्या असतात. गिअर बदलताना दोन चाकांचा वेग जुळवून द्यायचं काम त्यांचं. क्लच अर्धवट दाबला, की दर वेळी त्या थोड्या खरवडल्या जातात आणि पितळ तेलात उतरतं. ट्रेमधल्या सोनेरी कणांकडे ती पाहत राहिली. पैज तर जिंकल्यासारखीच होती. तरी तिला आनंद झाला नाही.

फिटरने आणि तिने मिळून गिअरबॉक्स खाली उतरवला. जमिनीवर जुनी धुतलेली चादर अंथरली होती. काढलेला प्रत्येक पार्ट ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने चादरीवर मांडायचा, आणि सगळं मांडून होईपर्यंत त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, ही या गॅरेजची रीत होती. बाबा म्हणायचे, अर्धी पेटी पाहून बोलणारा माणूस अर्धंच खरं बोलतो. शाफ्ट, बेअरिंग, दात्यांची चाकं, स्लीव्ह. आईसुद्धा श्वास रोखून पाहत होती.

एका खोल खाचेतली सर्क्लिपची कडी फिटरच्या जाड बोटांना दाद देईना. तिने त्याला बाजूला सारलं आणि दोन बोटं आत घालून ती अलगद उचलली.

"चिमटी ती चिमटीच," बाबा बाकावरून पुटपुटले.

लहानपणी शाळेतून आली की ती इथेच येऊन बसायची, आणि जिथे कुणाचा हात पोचत नसे तिथे बाबा तिची बोटं घालायला लावत. तेव्हापासून तिचं हे नाव. खरं नाव ते रागावले तरच घेत.

सगळं मांडून झालं. तिने फट मोजायचं फीलर गेज घेतलं, पहिली रिंग तिच्या चाकावर दाबून बसवली आणि मधल्या फटीत पट्टी सरकवली. पट्टी घट्ट अडकली. जाडी बदलून पाहिली. मग दुसरी रिंग, मग तिसरी, चौथी, पाचवी. मग पुन्हा पहिली. रिंगेच्या आतल्या बारीक रेघा नखाला लागत होत्या, अजून बोथट झाल्या नव्हत्या.

"बोल की," फिटर म्हणाला.

"रिंगा उत्तम आहेत," ती म्हणाली. "एवढ्या चाललेल्या गाडीत इतक्या चांगल्या रिंगा मी पाहिल्या नाहीत."

बाबांनी छाती भरून श्वास घेतला, मग ते आईकडे वळले. "ऐकलंस? दर वेळी पुरता दाबतो. दुखलं तरी दाबतो."

"दुखतं म्हणजे?" आईने विचारलं.

"म्हणजे काही नाही."

"आत्ता म्हणालात दुखतं."

"अगं, म्हणायची पद्धत असते," बाबा म्हणाले, आणि फिटरने तोंड फिरवून हसू दाबलं.

पण मग पितळ आलं कुठून? ती चादरीवरून नजर फिरवत गेली आणि तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या फोर्कवर थांबली. फोर्क म्हणजे दोन टोकांचा आकडा. दांडा हलवला की तो स्लीव्हला, म्हणजे शाफ्टवर सरकणाऱ्या कड्याला, ढकलतो आणि गिअर पडतो. गिअर पडला की त्याचं काम संपलं, मग त्याने स्लीव्हला नुसतं हलकेच स्पर्श करून राहायचं असतं. या जुन्या पेटीत त्याच्या टोकांना पितळी पट्ट्या होत्या. तिने तो उचलून उजेडाकडे धरला. एका बाजूच्या पट्ट्या नव्यासारख्या होत्या. दुसऱ्या बाजूच्या, चौथ्या गिअरकडच्या, झिजून कागदाएवढ्या उरल्या होत्या. आरशासारख्या गुळगुळीत, कडेला तापून काळसर पडलेल्या.

फिटर खांद्यावरून डोकावला आणि त्याचा मोठाच आवाज निघाला. "आयला! हे तर हाताचं काम! दांड्यावर हात ठेवून गाडी चालवल्याशिवाय असं होतच नाही. उस्ताद, तुमच्या डोक्यावर काय लिहिलंय ते वाचा जरा!"

बाबांनी वर पाहिलं नाही. पाटी त्यांना पाठ होती.

"गिअर सुटत होता ना," ते म्हणाले. "म्हणून धरून ठेवायचो."

"हां, तसं असेल," फिटर म्हणाला, पण तो अजून हसतच होता. "अख्ख्या गावाला शिव्या घातल्या या माणसाने! माझ्या तर हातावर पाना मारला होता एकदा."

तिने चौथ्या गिअरचं चाक उचललं. स्लीव्ह ज्यांच्यावर चढतो ते बारीक दाते एकेक करून अंगठ्याने तपासले. गिअर बरेच दिवस सुटत असता तर हे दाते आधी गोल झाले असते. ते टोकदार होते, अंगठ्याला बोचत होते. म्हणजे गिअर सुटायला नुकती सुरुवात झाली होती, आणि फोर्क मात्र कधीपासून झिजत आलेला. आधी हात, मग झीज, आणि गिअर सुटणं त्यानंतर. क्रम उलटा होऊच शकत नव्हता.

हे बाबांनाही कळत होतं. तिच्याआधीच कळलं असणार. गिऱ्हाइकाच्या जागी बसलेला तो माणूस आपल्या बुटांच्या टोकांकडे पाहत होता, आणि इतक्या वर्षांत तिने त्यांना असं खोटं बोलताना पाहिलं नव्हतं. तेही इतकं कच्चं.

"बरोबर," ती म्हणाली. "सुटत असला की माणूस धरणारच."

बाबांनी चटकन तिच्याकडे पाहिलं. ती फोर्क फडक्याने पुसत होती.

नवा फोर्क फळीवर होता. पेटी धुणं, जोडणं, वर चढवणं, नवं तेल भरणं यात दुपार झाली. मधे फिटरने चहा आणला. आईला कप अर्धाच भरून दिला, तरी तिने दोन्ही हातांनी धरला. एकदा बाबा न राहवून बाकावरून उठले आणि "तो बोल्ट आधी नको, समोरचा घे," असं म्हणत गाडीखाली वाकले. दोघांनी एका सुरात "गिऱ्हाईक!" अशी आरोळी ठोकली, तसे ते निमूट जागेवर जाऊन बसले.

"चला, चालवून बघू," शेवटी ती म्हणाली आणि चावी त्यांच्यापुढे धरली.

अटीप्रमाणे ते जिंकले होते. तरी चावी घेताना त्यांचा हात क्षणभर थबकला.

फिटर शटर ओढायला मागे राहिला. बाबा ड्रायव्हरच्या सीटवर बसले. पँटची घडी चिमटीत धरून पाय आत घेताना या वेळी त्यांनी आजूबाजूला पाहिलं नाही. आई नेहमीसारखी त्यांच्या डावीकडे. ती मागे, दोन सीटच्या मधोमध, कान पुढे करून बसली. चाचणीच्या फेरीत ती मागेच बसायची. पेटीचा आवाज तिथे स्वच्छ ऐकू येतो.

पहिला. दुसरा. लोण्यासारखा पडला. कोपऱ्यावरून वळून गाडी रुंद रस्त्याला लागली. तिसरा. ती डोळे मिटून ऐकत होती, कुठे घरघर नाही, कुठे शीळ नाही. मग चौथा पडला, मऊ, खोल, दार अलगद लागावं तसा.

तिने डोळे उघडले.

बाबांचा डावा हात दांड्यावरच होता. गिअर पडून गेला, तरी त्यांनी तो उचलला नाही. आईने समोरच्या रस्त्यावरून नजर न काढता पर्सखालचा उजवा हात सोडवला. थरथरतच तो हवेतून पुढे आला आणि बाबांच्या हातावर येऊन बसला. बोटं त्यांच्या बोटांच्या मधल्या जागांत उतरली. इंजिनची बारीक थरथर दांड्यातून वर येत होती, बाबांच्या हातातून आईच्या हातात जात होती. आणि आईची स्वतःची थरथर थांबली होती. अगदी थांबली होती. अंगठा निश्चल. कातडीवरच्या शिरा, नखं, बांगडी, सगळं स्थिर.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. चष्मा डोळ्यांवर चढवावा इतक्या सवयीने ते झालं होतं.

ती पाहत राहिली. व्यायामाला जायचा लांब रस्ता, सगळा चौथ्या गिअरचा. जाताना आणि येताना. दर वेळी दोन हातांचं वजन दांड्यावर, दांड्याचं फोर्कवर, आणि फोर्कच्या टोकावरून केसाहून बारीक पितळ सुटून तेलात. 'यात हाताला काम काय?' बाबांनी विचारलं होतं, आणि तिने उत्तरही दिलं नव्हतं. हसली होती.

वरच्या आरशात बाबांचे डोळे तिच्या डोळ्यांना भिडले. तिने काय पाहिलं, ते त्यांनी पाहिलं.

"बाबा."

"हं."

"अजून एक फोर्क आहे फळीवर."

आरशातले डोळे रस्त्याकडे वळले.

"घासला की सांगा," ती म्हणाली. "बदलू."

"काय घासलं?" आईने मान न वळवता विचारलं.

"काही नाही गं. गाडी म्हटली की काही ना काही घासायचंच."

"तुमच्या बोलण्यात कधी माणसं येतच नाहीत," आई म्हणाली. "बाप तसा, लेक तशी."

बाबा हसले नाहीत. त्यांच्या मानेवर, केसांच्या रेषेखाली, लाली चढलेली तिला मागून दिसत होती. काही वेळ गाडी तशीच चालली, एका लयीत. दुपारचं ऊन डॅशबोर्डवर पडलं होतं. बाबा उजव्या हाताने स्टिअरिंग धरून होते, आणि तिने पहिल्यांदाच हा हिशेब मनात मांडला: एक हात स्टिअरिंगवर. फक्त एक.

डावीकडच्या गल्लीतून सायकल आली ती थेट समोर. चालवणारी बाई मागे वळून कुणाला तरी हात करत होती. बाबांचा डावा हात झटक्यासरशी निघाला. दोन्ही हात स्टिअरिंगवर, क्लच, ब्रेक, गाडी डावीकडे, परत सरळ. सगळं त्यांच्या जुन्या सफाईने झालं. टायरसुद्धा ओरडले नाहीत. सायकलवालीला आपल्यामागे काय घडलं याचा पत्ताही लागला नाही. ती तशीच पलीकडच्या गल्लीत निघून गेली.

"लागलं नाही ना तिला?" आईने विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले.

मग त्यांनी डावीकडे पाहिलं. आईचा हात जिथे होता तिथेच राहिला होता; दांड्याच्या जरा वर, हवेत. त्याला खाली काही सापडत नव्हतं. तो थरथरत होता, पहिल्यापेक्षा जास्त, मनगटापासून. आई तो दुसऱ्या हाताने धरून पर्सखाली न्यायचा प्रयत्न करत होती आणि ते तिला जमत नव्हतं.

"केवढ्याने ओढलात हात," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. घाबरलेल्या माणसाने उगाच काहीतरी बोलावं, तसं.

बाबांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. न्यूट्रल केलं, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. आईचा हात आपल्या दोन्ही तळव्यांत घेतला. मागच्या सीटवर ती हलली नाही. काही बोलली तर ते म्हणतील, बघू. नाही बोलली तरी तेच म्हणतील. त्यांचा अंगठा आईच्या अंगठ्यावरून फिरत होता, मघाशी ती दाते तपासत होती तसा, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे.

मग त्यांनी दार उघडलं. घडी धरून पाय बाहेर काढला, बॉनेटचा आधार घेत गाडीला वळसा घातला आणि आईच्या बाजूचं दार उघडून उभे राहिले.

"उतर जरा."

"का? बिघडली?"

"नाही. चांगली झाली आहे."

"मग?"

"उतर तर खरं. धर मला."

आई उतरली. बाबांनी मागचं दार उघडलं, आणि आत बसलेल्या मुलीकडे पाहिलं.

"चिमटे, पुढे जा. आजपासून गाडी तू चालव. मी हिच्याजवळ मागे बसत जाईन."